उपविधी आणि निविदा एकाच बैठकीत वाचा

प्रति,
पुणे महानगरपालिकेच्या स्थायी समितीचे आणि सर्व प्रभाग समित्यांचे सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

मार्च 2022 ते जानेवारी 2026 या काळात पुण्याला नगरसेवक नव्हते. प्रशासक होते, आयुक्त होते, फाइली पुढे सरकत होत्या. पण लोकांनी निवडून दिलेली स्थायी समिती नव्हती, मुख्य सभा नव्हती, प्रभाग समित्या नव्हत्या. गल्लीतला कचरा उचलला नाही तर ॲपवर फोटो टाकायचा आणि 'तक्रारीचे निराकरण झाले' असा मेसेज येण्याची वाट पाहायची, एवढंच आमच्या हातात होतं. आता तुम्ही निवडून आला आहात. मनापासून अभिनंदन करते आणि लगेच कामाचं बोलते, कारण तुमच्यापुढे आलेलं एक काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं नाही.

केंद्र सरकारचे घनकचरा व्यवस्थापन नियम 2026 हे 1 एप्रिल 2026 पासून लागू आहेत. त्यांनी 2016 च्या नियमांची जागा घेतली. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे बल्ब, रंगाचे डबे, पाऱ्याचे थर्मामीटर, मुदत संपलेली औषधं, असे चार भाग आता घरातच करायचे आहेत. वर्गीकरण न करता कचरा भरावाच्या जागेवर नेला तर स्थानिक संस्थेलाच जादा शुल्क भरावं लागेल. आपल्या महापालिकेचे सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता उपविधी, म्हणजे शहरापुरते नियम, 2017 चे आहेत, 2016 च्या नियमांवर बेतलेले. ते नव्यानं लिहावे लागणार. म्हणजे येत्या काळात आयुक्तांकडून मसुदा येईल, हरकती-सूचना मागवल्या जातील, मुख्य सभेत विषय येईल, राज्य सरकारची मंजुरी लागेल. हे सगळं एका दुपारच्या सभेत 'विषय मंजूर' म्हणून उरकलं जाऊ नये, यासाठी हे पत्र.

कचरा वेगळा करा असं सांगणारा नियम पुण्याला नवा नाही. पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून 2000 चे नियम आले. त्यांतही वर्गीकरण होतं, उघड्यावर कचरा टाकू नये हे होतं. मग 2016 चे आले. त्यांनी महापालिकांना वर्षभरात उपविधी करायला सांगितलं, रोज शंभर किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी टाकली, सॅनिटरी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी विल्हेवाटीसाठी पाकीट द्यावं असंही म्हटलं. म्हणजे पंचवीस वर्षं नियम कमी पडले नाहीत. तरीही शहराबाहेरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या डेपोवर साठलेला कचरा आजही बायोमायनिंग करून, म्हणजे जुना ढीग खणून आणि चाळून, उपसावा लागतो आहे. नियम होते आणि डोंगरही वाढत होता, असं का झालं?

माझं उत्तर असं आहे : आपल्याकडे कचऱ्याचा नियम एका टेबलावर ठरतो आणि कचऱ्याचा पैसा दुसऱ्या टेबलावर. उपविधी मुख्य सभेत जातात. वाहतुकीच्या, प्रक्रियेच्या, गाड्या भाड्यानं घेण्याच्या निविदा सोळा सदस्यांच्या स्थायी समितीत जातात. उपविधीत लिहिलेलं असतं की कचरा वेगळा ठेवावा. निविदेत टनामागे दर लिहिलेला असतो. ज्याला टनावर पैसे मिळतात त्याला कचरा वेगळा नेण्यात काय रस असणार? त्याला वजन हवं. ओल्यात सुकं मिसळलं की वजन वाढतंच, फेऱ्याही वाचतात. हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून कोणी वाचले, असं मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. तुम्ही ते वाचावेत एवढीच माझी मागणी आहे. या पत्रातलं बाकी सगळं त्यासाठीच आहे.

कोणत्याही प्रभागातल्या फीडर पॉइंटवर, म्हणजे घरोघरचा कचरा महापालिकेच्या गाडीत चढवतात त्या जागी, सकाळी साडेनऊच्या सुमारास जाऊन उभे राहा. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई ढकलगाड्या घेऊन येतात. गाडीला दोन बादल्या असतात, बाजूला पोती लटकलेली असतात. पोत्यांत पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, म्हणजे विकलं जाणारं भंगार. ओल्याच्या बादलीत हात घालून एखादी ताई चुकून आलेली प्लास्टिकची पिशवी बाहेर काढते, झटकते, पोत्यात टाकते. अर्ध्या तासात हजारभर घरांचा कचरा तिथं रस्त्याच्या कडेला हातानं निवडला जातो. मग महापालिकेची गाडी येते. कुठे तिला खरोखर दोन कप्पे असतात आणि ओलं-सुकं वेगळं चढतं. कुठे मागून दाबणारा कॉम्पॅक्टर येतो. त्याच्या पोटात सगळं एकदम जातं, पट्टी खाली येते, पिशव्या फुटतात, आणि भाजीच्या देठांचं पाणी कागदात मुरतं. सकाळपासून घरोघरी आणि हातोहात झालेलं काम त्या एका दाबाखाली संपतं.

'आम्ही वेगळा देतो, पुढे एकत्रच करतात' हे वाक्य तुम्ही प्रचारात दारोदार ऐकलं असेल. लोक ते निमित्त म्हणून सांगतात असं अधिकारी म्हणतात. काही जण सांगतही असतील. पण फीडर पॉइंटवर उभं राहिलेल्या माणसाला ते खोटं म्हणता येत नाही. आणि आपले उपविधी मात्र दंड कोणाला करतात? कचरा वेगळा न देणाऱ्या घराला. वेगळा आलेला कचरा एकत्र करणाऱ्या गाडीला दंड आहे का, असेल तर तो कोण लावतं, कोणाच्या बिलातून वळता होतो, हे आजवर कोणत्याही क्षेत्रीय कार्यालयाला मला नीट सांगता आलेलं नाही. नव्या उपविधीत हे कलम पाहिजे : वर्गीकृत कचरा मिसळणं हा गुन्हा असेल, तो मिसळणारा ठेकेदार असो, महापालिकेची स्वतःची गाडी असो की रहिवासी. आणि हीच अट, याच शब्दांत, वाहतुकीच्या निविदेत पाहिजे. निविदेत नसेल तर उपविधीतलं कलम कागदावरच राहील, कारण ठेकेदार करारानं बांधलेला असतो आणि करारात नसलेली गोष्ट त्याच्याकडून करून घेता येत नाही.

टनाचा दरही बदलायला हवा. मिसळलेल्या टनाला कमी, निव्वळ ओल्या टनाला पूर्ण, आणि प्रभागातच जिरलेल्या कचऱ्यासाठी तो जिरवणाऱ्याला काहीतरी. एवढा फरक केला तरी गाड्यांचं वागणं बदलेल. लेखा विभाग म्हणेल मोजणी अवघड आहे. लहान गाड्यांतला कचरा मोठ्या गाड्यांत भरतात त्या रॅम्पवर वजनकाटे आहेत. तिथं प्रत्येक गाडीचं वजन होतं, तेव्हा ताडपत्री उचलून आत काय आहे हे पाहून नोंद करायला एक माणूस लागेल, बस.

सॅनिटरी कचऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण समितीत या विषयावर लोक घाईनं पुढच्या पानावर जातात. घरात दोन वर्षांचं मूल असेल तर दिवसाला चार-पाच डायपर होतात. अंथरुणावर पडलेले आजी-आजोबा असतील तर मोठ्यांचे डायपर. शिवाय पॅड. शिवाय मधुमेहाच्या इन्सुलिनच्या सुया, ज्या पुण्यात आता घरोघरी आहेत. हे सगळं बहुतेक घरांत एकाच काळ्या पिशवीत गाठ मारून सुक्या कचऱ्यात जातं. ती गाठ सोडते कोण? कचरावेचक. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या त्यांच्या संघटनेनं कित्येक वर्षांपूर्वी लाल ठिपक्याची मोहीम काढली : वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडावं लागणार नाही. किती साधी मागणी. ज्या बायका आपला कचरा उचलतात त्यांनी हात जोडून केलेली. तरीही आमच्याच कॉलनीत ठिपका असलेली पुडी मिळाली की ती कोणत्या घरातून आली हे ताई नाव घेऊन सांगते, इतकी अशी पुडी दुर्मीळ.

आता नव्या नियमांनी सॅनिटरी हा स्वतंत्र भाग केला आहे. चांगलं केलं. पण तुमच्या उपविधीत पुढचं सगळं लिहावं लागेल. ती वेगळी पिशवी ढकलगाडीवर कुठे ठेवायची? फीडर पॉइंटवर ती कोणत्या गाडीत जाणार? ती गाडी रोज येणार की दिवसाआड? जाळायचं तर कुठे, किती तापमानाला, धूर कोण तपासणार? शाळा आणि वसतिगृहांतल्या लहान जाळयंत्रांचा धूर आसपासच्या घरांत जातो, त्याचं काय? आणि सुया : त्या झाकणाच्या कडक डब्यात द्यायच्या, पिशवीत नाही, हे कलम स्वतंत्र हवं. सुई टोचली तर त्या बाईची तपासणी आणि औषध महापालिकेच्या दवाखान्यात त्याच दिवशी, मोफत, हेही लिहा. ती महापालिकेची कर्मचारी नसते. तिला पगार नसतो. घरटी शुल्क आणि भंगाराची विक्री यांवर तिचं घर चालतं. म्हणून ती कुठल्याच नियमात बसत नाही आणि तिला टोचलेली सुई कुठल्याच नोंदवहीत येत नाही.

इथं एक गोष्ट तुमच्या मनावर ठसावी असं फार वाटतं. पुण्यातल्या कचरावेचकांनी 1993 मध्ये संघटना बांधली. 2008 मध्ये स्वच्छ सहकारी संस्थेशी महापालिकेनं करार केला. देशभरातून लोक ही व्यवस्था पाहायला येतात. तरी तो करार संपत आला की दर वेळी प्रश्न उभा राहतो : ठेवायचा की काढायचा, मुदतवाढ किती महिन्यांची. ज्या व्यवस्थेवर शहर चालतं तिला वर्षावर्षाची मुदतवाढ देऊन ताटकळत ठेवणं योग्य नाही. उपविधीत दारोदार संकलनात कचरावेचकांना प्राधान्य असेल असं स्पष्ट लिहा, म्हणजे त्यांचं भवितव्य दर करारागणिक टांगणीला लागणार नाही. आणि मसुद्यावर चर्चा होईल तेव्हा त्यांच्यातल्या दोघी-तिघी समोर बसलेल्या असू द्या. कॉम्पॅक्टरच्या ड्रायव्हरलाही बोलवा, कोठीवरच्या, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणच्या, मुकादमालाही. गाडीत काय आणि कसं भरतात हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

मोठ्या सोसायट्यांबद्दल थोडक्यात. गांडूळखत प्रकल्प, सौर यंत्रणा, पर्जन्यजलसंधारण असेल तर मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत मिळते. सवलत घेणाऱ्यांत अनेकांचे खड्डे कोरडे आहेत, झाकणावर कुंड्या ठेवलेल्या आहेत. बिल्डरनं भोगवटापत्रासाठी यंत्र बसवलं, वीजबिल पाहून सोसायटीनं बंद केलं. ही यादी क्षेत्रीय कार्यालयात असते. ती वर्षातून एकदा प्रभाग समितीपुढे वाचून दाखवा. नव्या नियमांत मोठ्या कचरानिर्मात्यांवरची जबाबदारी आणखी वाढली आहे, पण ती कोण पाहणार हे ठरलं नाही तर पुन्हा कोरडे खड्डे आणि चालू सवलत. महापालिकेनं स्वतः प्रभागांत उभारलेल्या बायोगॅस प्रकल्पांचाही हिशोब याच बैठकीत हवा : कोणता चालू, कोणता बंद, बंद असेल तर देखभालीचं बिल निघतं आहे का.

मी कोथरूडला राहते. आमच्याकडेही कचरा डेपो होता. कोथरूड वाढलं, बंगले-इमारती उभ्या राहिल्या, डेपो बंद झाला. आज त्या जागेवर वनाझची मेट्रो उभी आहे. आमचा त्रास संपला. पण कचरा संपला नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात होता, पुढे तर सगळाच जाऊ लागला. तिथल्या विहिरींचं पाणी काळं झालं. गावाला प्यायला टँकर आले. मुलांची लग्नं जमेनात असं तिथले लोक सांगत. 2017 च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, धुरानं गाव कोंडलं, लोकांनी गाड्या अडवल्या, आणि तीन आठवडे पुण्यात कचरा साठला तेव्हा कुठे शहराला त्या दोन गावांची नावं नीट कळली. त्याच वर्षी ती गावं महापालिकेत घेतली. पुढे पुन्हा वगळली. आता तिथं स्वतंत्र नगर परिषद आहे.

म्हणजे तुमच्यापैकी कोणाचाही मतदार तिथं राहत नाही. मला याचीच काळजी वाटते. ज्यांच्या शेजारी कचरा पडतो त्यांचं मत ज्या सभागृहात नाही, त्या सभागृहात 'अजून एक वर्ष तिकडेच न्या' म्हणणं फार सोपं असतं. म्हणून विनंती की उपविधीच्या चर्चेला फुरसुंगी-उरुळी देवाची नगर परिषदेच्या प्रतिनिधींना अधिकृतपणे बोलवा. त्यांची हरकत इतर हजार हरकतींच्या गठ्ठ्यात टाकू नका. तिचं उत्तर सभेत, नाव घेऊन द्या. आणि डेपोवर वर्गीकरण न केलेली एकही नवी गाडी जाणार नाही, अशी तारीख उपविधीत घाला. बायोमायनिंग करून एका बाजूनं डोंगर उपसायचा आणि दुसऱ्या बाजूनं भरायचा, यात लोकांचे पैसे दोनदा जातात.

हे न केल्यास काय होतं ते औरंगाबादनं, आताच्या छत्रपती संभाजीनगरनं, 2018 मध्ये भोगलं. शहराचा कचरा डेपो असलेल्या नारेगावच्या लोकांनी फेब्रुवारीत कचऱ्याच्या गाड्या बंद केल्या. महापालिकेकडे दुसरी सोयच नव्हती. गाड्या जिथं नेतील तिथं विरोध. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक, जाळपोळ, लाठीमार. महिनोन्‌महिने शहरात कचऱ्याचे ढीग. नारेगावकरांनी अचानक काही केलं नव्हतं. ते वर्षानुवर्षं सांगत होते.

आणि होऊ शकतं हेही आपल्याच राज्यात दिसलं आहे. वेंगुर्ले नगर परिषदेनं घरापासून वर्गीकरण इतकं काटेकोर केलं की डम्पिंग ग्राउंडची जागा लोक पाहायला जाऊ लागले. लहान गाव आहे, पुण्याशी तुलना होत नाही, हे मान्य. पण पुण्यातलाच कात्रज प्रभाग घ्या. 2011 च्या सुमारास तिथं शून्य कचरा प्रकल्प झाला, घरोघरी जाऊन समजावलं, वेचकांना बरोबर घेतलं, ओला कचरा तिथंच जिरवला, आणि प्रभागाबाहेर जाणारा कचरा खूप घटला. पुढे सगळ्या प्रभागांत असंच करायचं ठरलं होतं. पाठपुरावा कोणी केला? करायला प्रभाग समिती होती.

प्रभाग समितीवर माझी मोठी भिस्त आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनं ती दिली. घनकचरा व्यवस्थापन बाराव्या अनुसूचीत नावानिशी आहे. आपल्या महापालिका अधिनियमात तीन नामनिर्देशित सदस्य स्वयंसेवी संस्थांमधून घेण्याची सोय आहे. त्या जागांवर पक्षाचे कार्यकर्ते बसवण्याची पद्धत पडली आहे. या वेळी निदान एका जागेवर कचऱ्याचं काम प्रत्यक्ष करणारी व्यक्ती घ्या. क्षेत्रसभांचा, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभांचा, कायदा 2009 पासून राज्यात आहे, त्याची अंमलबजावणी झालेली नाही. तो विषय तुमच्या एकट्याच्या हातात नाही हे जाणते. पण प्रभाग समितीची बैठक संध्याकाळी घेणं तुमच्या हातात आहे. दुपारी साडेतीनला बैठक लावली की नोकरी करणारा माणूस येत नाही आणि ढकलगाडीवाली ताई त्या वेळी भंगार विकायला गेलेली असते. विषयपत्रिका आठ दिवस आधी कोठीच्या फलकावर लावा. मराठीत, साध्या मराठीत. 'उपरोक्त विषयान्वये' असं लिहिलेला कागद लोक वाचत नाहीत.

दंडाबद्दल शेवटचं. नव्या उपविधीत दंडाचे आकडे वाढतील, तशी हवा आहे. वाढवा. पण झोपडपट्टीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत चार डबे ठेवायला जागा नसते. तिथं दंडाआधी गल्लीच्या तोंडाशी चार डबे द्या आणि ते रोज रिकामे होतील याची जबाबदारी नाव घालून कोणावर तरी टाका. क्रॉनिक स्पॉटवर, म्हणजे पुन्हा पुन्हा कचरा पडतो त्या जागी, रांगोळी काढून फोटो काढणं पुरेसं नाही. तिथं कचरा कोण टाकतं हे दोन रात्री कोणी बसलं तर कळतं. बऱ्याचदा ती कुठल्या तरी हॉटेलची किंवा मंगल कार्यालयाची गाडी असते, शेजारच्या वस्तीतली माणसं नसतात. दंडाची पावती मात्र वस्तीला मिळते.

तेव्हा मसुदा आला की हरकतींची मुदत सुरू होण्याआधी तो सगळ्या प्रभाग समित्यांपुढे ठेवा. त्याच बैठकीत त्या प्रभागाची कचरा वाहतुकीची चालू निविदा, तिचा दर आणि अटी टेबलावर ठेवा. दोन्ही कागद कलमागणिक मोठ्यानं वाचा. कुठे जुळत नाहीत ते इतिवृत्तात लिहा, आणि ते इतिवृत्त जोडल्याशिवाय स्थायी समितीनं कचऱ्याची पुढची कोणतीही निविदा किंवा मुदतवाढ मंजूर करू नये. आमच्या प्रभागाची बैठक कधी आहे ते कळवा. मी येईन, आणि फीडर पॉइंटवरच्या ज्या ताई यायला तयार आहेत त्यांनाही घेऊन येईन.

कळावे,
आपली,
कोथरूडमधील एक रहिवासी